सांता लिदियातली पाचवी साक्ष

मी, मुरामात्सु सेइजो, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पत्रकारी व लेखन, राहणार सांता लिदिया, साओ पावलो राज्य, ब्राझील, आज माझे डोके ठिकाणावर असताना, कोणी धाक न घालता व कोणी लाडीगोडी न लावता, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते माझ्या हाताने लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास तो खोटे बोलतो आहे असे समजावे. खोट्याबद्दल या गावात माझ्याइतके कोणालाच कळत नाही. ते का, हे सहाव्या कलमात येईल.

कायद्याची भाषा मला एवढीच येते. ती संपली. आता मी माझ्या पद्धतीने लिहितो.

हे पत्र मी जपानीत लिहितोय म्हणून नोटरी एव्हारिस्तो साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. भला माणूस आहे, पण त्याला घाई फार.

"सेइजोबाबा, पोर्तुगीजमध्ये सांगा ना! मी टाईप करतो, अर्ध्या तासात तुम्ही मोकळे."

"पंचेचाळीस वर्षं मी आमच्या भाषेत लिहीत आलो. शेवटचा मजकूर दुसऱ्याच्या हाताने, दुसऱ्याच्या भाषेत करू?"

"मग करा काय करायचं ते. कायदा परवानगी देतो. पण पाच साक्षीदार आणा, आणि पाचही जणांना तुमची ही किडामुंगीची अक्षरं कळली पाहिजेत. तुम्ही स्वतः त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचं. आणि हे बघा, साक्षीदाराला यातून छदामसुद्धा देता येणार नाही. त्याच्या मुलाबाळांनाही नाही."

"पाचच ना? त्यात काय एवढं!" असं म्हणून मी ऐटीत बाहेर पडलो, चौकातल्या बाकावर बसलो आणि बोटं मोजायला लागलो. भाषाशाळेच्या हासेबेबाई. तोकुहिसा न्हावी. मोतोयामा सुतार, जो अजून महिन्याला दोन कविता पाडतो आणि त्या मला ऐकाव्या लागतात. मंदिरातले एनकाईबुवा. झाले चार. पाचव्या बोटाशी अडलो. ज्या वस्तीत एके काळी माझ्या अंकासाठी माणसं भांडत होती तिथे मला पाचवा वाचक सापडेना! आमची पोरं डॉक्टर झाली, दंतवैद्य झाली, फार छान झालं. पण बापाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतात. मी त्या बाकावर बराच वेळ बसलो. मग पाचवं नाव आठवलं आणि मी बाकावरून उठलो. त्या नावाचंही पुढे येईलच.

कलम पहिले. घर, अंगण, मागची रेशीमकिड्यांची शेड आणि बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक मुलगी लुसिया कियोको हिला. कियोको, शेडचं छप्पर गळतं. जावयाला सांग, माणूस लाव, स्वतः वर चढू नकोस म्हणावं. मागच्या वेळी चढला तेव्हा त्याला उतरवायला चार माणसं लागली.

कलम दुसरे. माझी एकमेव कादंबरी तीनशे प्रती छापली होती. एकेचाळीस विकल्या गेल्या, त्यातल्या सहा मीच वेगवेगळ्या नावांनी मागवल्या. उरलेल्या पलंगाखाली खोक्यांत आहेत. त्या भाषाशाळेला द्याव्यात. मुलांना वाचायला लावू नये, शिक्षा वाटेल. पण पानं एकाच बाजूने छापली आहेत, कोरी बाजू अक्षरं गिरवायला कामाला येईल.

कलम तिसरे. साओ पावलोच्या ज्या साप्ताहिकात मी सव्वीस वर्षं बातमीदार होतो त्याचे निवृत्त संपादक निशिओका यांना माझी मोठी कात्री. सव्वीस वर्षं त्यांनी माझ्या प्रत्येक लेखाचा शेवटचा परिच्छेद कापला. मी विचारलं की म्हणायचे, "जागा नव्हती." जागा होती. त्या जागेत ते सोया सॉसची जाहिरात लावायचे. निशिओकासाहेब, माझा राग गेलेला नाही. पण खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या लेखांना शेवट नसलेलाच बरा होता.

कलम चौथे. माझ्या निधनाची बातमी. या वस्तीतली चारशेच्या वर माणसं मी कागदावर पोचवली आहेत. घरची मंडळी यायची, चहा घ्यायची आणि हळूच म्हणायची, "सेइजोसान, जरा चांगलं लिहा हं, 'आयुष्यभर प्रामाणिक' असं घाला." मी घालायचो. दारूड्यालाही घातलं, बायकोला बदडणाऱ्यालाही घातलं. मेलेल्या माणसाला शब्द दिला तर आपलं काय जातं? पण माझ्या बातमीत 'प्रामाणिक' हा शब्द येता कामा नये. नाव, गाव, जहाजातून उतरल्याचं साल, मेल्याचं साल. बस.

कलम पाचवे. मेणकागदावर लिहायची लोखंडी लेखणी, खालची खरखरीत पट्टी, चौकट आणि शाईचा रूळ. हे सगळं शेडमध्ये कापडात गुंडाळलेलं आहे. यावर मी एकोणीसशे एक्केचाळीस ते सेहेचाळीस 'पहाट' नावाचा अंक काढत होतो, कारण महायुद्धाच्या त्या काळात इथल्या सरकारने आमच्या भाषेतली सगळी वर्तमानपत्रं बंद केली होती आणि पोलीस घराघरांतून रेडिओ उचलून नेत होते. मी एक मोडका रेडिओ पोलिसांच्या हवाली केला आणि चांगला शेडमध्ये तुतीच्या पाल्याखाली लपवला. रात्रंदिवस कुरतडणाऱ्या किड्यांच्या आवाजात रेडिओचा आवाज झाकून जायचा. अंक चार पानी, साठ प्रती. माझी बायको हानाए रूळ फिरवायची. तिच्या मनगटावर शाईचा डाग कायमचाच असायचा.

हे सामान कोणाला द्यावं ते मला ठरवता आलेलं नाही. पुरून टाकलं तरी चालेल.

कलम सहावे. हे कलम मिळकतीचं नाही, पण याच्यासाठीच बाकीचं पत्र लिहिलंय.

मी १९३० साली या देशात आलो तो ओगुशी तामेकिचीचा धाकटा भाऊ म्हणून. भाऊ नव्हतो. मळ्यावर मजूर म्हणून यायला घरटी तीन कमावती माणसं दाखवावी लागत, त्यांच्याकडे दोनच होती, तो आणि त्याची नवी नवरी तोमे. बंदरावर आमची गाठ पडली, कागद झाले आणि मी त्यांचा भाऊ झालो. अनेक घरं अशीच जोडलेली होती. दोन वर्षांचा करार संपला की बहुतेक जण आपापल्या वाटेने जायचे. मीही माझं आडनाव परत घेतलं. पण तामेकिचीला मी शेवटपर्यंत दादा म्हणालो आणि तोमेला वहिनी. तापाने फणफणलो होतो तेव्हा दादाने माझ्या वाट्याचीही कॉफी तोडली होती. मी लिहितो याचा त्याला कोण अभिमान! त्याला स्वतःला अक्षरं जेमतेम लागायची. वहिनीला छान वाचता यायचं, ती माझा अंक त्याला वाचून दाखवायची आणि तो मान डोलवत म्हणायचा, "आमच्या सेइजोने लिहिलंय म्हणजे खरंच असणार."

१९४५ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी मी शेडमध्ये रेडिओला कान लावून बसलो होतो. मायदेशाहून निवेदक बोलत होता, आमच्याच भाषेत, शांतपणे. युद्ध संपलं, आपण शरण गेलो. मी नीट ऐकलं. त्याने ते दोनदा सांगितलं. खरखर नव्हती, गैरसमजाला जागा नव्हती. मी रेडिओ बंद केला, बाहेर आलो तर पायरीवर अंड्यांची टोपली. वहिनी ठेवून गेली असणार. एरवी ती फाटकापासूनच "आहे का कोणी घरात?" म्हणून ओरडत यायची, त्या दिवशी मला हाक ऐकू आली नाही. माझं लक्ष कुठे होतं म्हणा!

मी मेणकागद घेतला आणि लिहिलं, 'आपण हरलो.' दोनच शब्द. पुढचं सुचेना. दुपारी दादा आला, बरोबर सहकारी संस्थेचे दोघे. दादाचा चेहरा नुसता फुलला होता. "सेइजो, जिंकलो म्हणे रे आपण! सगळीकडे तेच चाललंय. तू काय ऐकलंस? लिही की लवकर!" त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीत एकजण हरलो असं म्हणाला तर त्याच्या दारावर कोणीतरी रंगाने लिहून गेलं होतं, 'मान धुऊन ठेव', म्हणजे ती उडवायला येतो. आमच्यातलंच कोणीतरी.

मी पहिला कागद फाडला. दुसऱ्यावर 'आपण जिंकलो' असं लिहिलं.

हानाए म्हणाली, "अहो, हे छापू नका." मी म्हणालो, "तू रूळ फिरव." तिने रूळ खाली ठेवला, हात धुतले आणि त्यानंतर मरेपर्यंत त्या रुळाला शिवली नाही. मी एकट्याने छापलं.

भीती वाटत होती म्हणून लिहिलं, असं इथे लिहून सुटता आलं असतं. भीती होतीच. पण साठ प्रतींच्या दोनशे झाल्या. रस्त्यात म्हातारीकोतारी माणसं मला वाकून नमस्कार करायला लागली. मला ते आवडलं. हे वाक्य लिहायला मला एकतीस वर्षं लागली: मला ते आवडलं.

मग लोकांना आणखी हवं झालं. मी आणखी दिलं. निष्ठावंत प्रजेला घरी न्यायला मायदेशाहून जहाज निघालंय, नोव्हेंबरअखेर सांतोस बंदराला लागेल, असं लिहिलं. ते जहाज कोणी मला सांगितलेलं नव्हतं, अफवाही नव्हती. ते मी माझ्या टेबलाशी बसून तयार केलं. त्याला नाव दिलं, किती माणसं मावतील तेही दिलं.

तामेकिचीदादाने बहराला आलेली कॉफीची जमीन मातीमोल विकली. विकताना मला म्हणाला, "घरी गेल्यावर आईसमोर आधी तुलाच उभा करणार, हा बघ तुझा तिसरा मुलगा म्हणून." मी तिथे तोंड उघडू शकलो असतो. चहाचा पेला हातात होता, तो पिऊन टाकला.

सात आठवडे तो वहिनी आणि तान्ह्या मुलाला घेऊन सांतोसला धर्मशाळेत राहिला. रोज सकाळी आपला एकुलता एक सूट चढवून धक्क्यावर जायचा, खिशात माझा अंक. पैसे संपले तेव्हा परत आला आणि स्वतःच्याच जमिनीवर दुसऱ्याचा मजूर म्हणून कामाला लागला. मला एका शब्दाने बोलला नाही. उलट मलाच धीर दिला. "तुलाही कोणीतरी फसवलं असणार रे, सेइजो." पुढे सगळी वस्ती तेच म्हणायला लागली. बिचारा सेइजो, तोही फसला. मी ते गोड मानून घेतलं. पुढची तीस वर्षं मी पिकांचे भाव, लग्नं, पूर, निवडणुका, सगळं तपासून, दोनदा विचारून लिहिलं. एक आकडा कधी चुकला नाही. त्याबद्दल मला ताम्रपट मिळाला आहे. तो वितळवावा.

१९५१ साली दादा गेला. शेवटच्या दिवशी मला जवळ बोलावून त्याने विचारलं, "जहाज कुठे अडकलं असेल रे?" मी म्हणालो, "वाटेत आहे, दादा."

मी फसलो नव्हतो. मला माहीत होतं. ओगुशी तामेकिचीला मी फसवलं, त्याच्या भावाने.

रेडिओ कपाटात वरच्या फळीवर आहे. तो कोणालाही देत नाही.

कलम सातवे. दादाच्या त्या जमिनीतला एक तुकडा, विहीर आणि त्याने लावलेलं पर्सिमनचं झाड धरून, मी १९५८ मध्ये विकत घेतला. त्याच संध्याकाळी कागद घेऊन वहिनीकडे गेलो. ती म्हणाली, "भावोजी, ती जमीन मला देऊ नका. कुठल्या तोंडाने घेऊ?" मला वाटलं, मानी आहे, जिवंत माणसाकडून भीक नको असेल, मेल्यावर देऊ. म्हणून हे मृत्युपत्र. आणि बाकावर बसून पाचवं बोट मोजताना आठवलेलं नाव तिचंच होतं. सांता लिदियात माझी अक्षरं वाचू शकणारी पाचवी व्यक्ती एकच, ओगुशी तोमे. तिला साक्षीदार केलं तर जमीन देता येत नाही. जमीन द्यायची तर हे पत्र पोर्तुगीजमध्ये करावं लागतं, कोणीही पाच जण चालतात, आणि मग तिच्यासमोर मला काही वाचावं लागत नाही.

एकतीस वर्षांत मी तिच्या दारापर्यंत किती वेळा गेलो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो, देव जाणे. जिभेने मला कधीच साथ दिली नाही. वाचून दाखवायचं बंधन असलेला हा एकच कागद मला उरला होता. तरी निवड माझी नव्हती, म्हणून मी मार्चमध्ये तिच्याकडे गेलो. ती ओट्यावर घेवडा निवडत होती.

"वहिनी, दोन वाटा आहेत. पोर्तुगीजमध्ये लिहिलं तर जमीन तुमची. आपल्या भाषेत लिहिलं तर तुम्ही साक्षीला यायचं, आणि जमीन गेली."

"आपल्या भाषेत लिहिलंत तर त्यात काय असेल?"

"इतकी वर्षं सांगितलं नाही ते."

"आणि पोर्तुगीजमध्ये?"

"नुसती जमीन."

तिने घेवड्यातला एक खडा काढला, अंगणात भिरकावला आणि म्हणाली, "लिहून झालं की एखाद्या रविवारी येते. सोमवारी माझी बाजाराची गडबड असते."

"वहिनी, मुलाला तरी विचारा. त्याच्या वाट्याचंही जातंय."

"त्याला साओ पावलोत चार खोल्यांचं घर आहे. तुम्ही चष्मा पुसून या, वाचताना अडखळू नका."

तेव्हा जमिनीचा तो तुकडाही कियोकोलाच. पण पोरी, एक ऐक. दरवर्षी एप्रिलात फळं पिकली की त्या झाडाखाली एखादी म्हातारी येऊन बसली तर तिला का आलीस असं विचारू नकोस आणि टोपली भरून नेली तर मोजू नकोस. एव्हारिस्तो साहेबांना मी विचारून घेतलंय. ते म्हणाले, "साक्षीदाराला जमीन देऊ नये एवढंच कायदा सांगतो, बाबा. फळं खाऊ नयेत असं कुठे म्हटलेलं नाही."

कलम आठवे. अंत्यविधीला एनकाईबुवांनी मंत्र लवकर आटपावेत. मोतोयामाने कविता वाचू नये.

पुरवणी. वरील सगळा मजकूर मी आज माझ्या घरात पाचही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. सहाव्या कलमात दोनदा थांबलो. पुढे जे झालं ते तोमेवहिनीच्या सांगण्यावरून इथे लिहीत आहे, तिचे शब्द तिचेच ठेवून.

वाचून झाल्यावर मी चष्मा काढला. मी जमिनीवर डोकं टेकलं. तोकुहिसा न्हाव्याने उगाच खोकून घेतलं. मग वहिनी म्हणाली, "अंडी मीच ठेवली होती."

"कुठली अंडी?" मोतोयामाने विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो! भावोजी, वर बघा. मी हाक मारणार होते, तेवढ्यात शेडमधून माणसाचा आवाज आला. मी कुडाला कान लावला. त्याने दोनदा सांगितलं ना? मी दोन्ही वेळा ऐकलं. टोपली ठेवली आणि पळत घरी आले. आठवड्याभरात तुमचा अंक आला. यांना वाचून कोणी दाखवला? मी! 'आपण जिंकलो', मोठ्याने वाचलं. जहाजाचंही मीच वाचलं. हे तर वेडेच झाले आनंदाने. मी म्हटलं, जाऊ दे, कोण जाणे, येईलही. मला माझ्या आईला बघायचं होतं हो! तो निवेदक खोटा आणि तुम्ही खरे, असं मला हवं होतं. सात आठवडे मी त्यांचा सूट घासून दिला रोज सकाळी. आल्यावर सगळे म्हणाले, सेइजोच्या कागदाने घात केला. मीही म्हणाले. फार सोपं गेलं ते. ती जमीन मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

ती रडत होती आणि मीही. हासेबेबाईंनी तिला पाणी आणून दिलं. मी म्हणालो, "वहिनी, लिहिलं मी होतं. तुम्ही नुसतं वाचलंत." ती म्हणाली, "मग नुसतं वाचणाऱ्याचंही लिहा. नाहीतर मी सही करणार नाही, आणि पाचवा आणा कुठून आणायचा तो."

म्हणून लिहिलं. ही पुरवणीही सगळ्यांसमोर पुन्हा मोठ्याने वाचली. आता या पत्रात खोटं काही उरलेलं नाही.

ठिकाण सांता लिदिया. रविवार, ता. १७ एप्रिल १९७७.

मुरामात्सु सेइजो
(स्वहस्ते लिहिले, स्वमुखे वाचले)

साक्षीदार, ज्यांनी हे आपल्या भाषेत ऐकले व ज्यांना ते समजले:

१. हासेबे योशिमी, शिक्षिका
२. तोकुहिसा गेनपाची, न्हावी
३. मोतोयामा जेनजो, सुतार. कविता वाचणार नाही, पण लिहीन.
४. एनकाई, मंदिराचे पुजारी
५. ओगुशी तोमे, तामेकिचीची बायको. मी हे ऐकलं. तेव्हाही ऐकलं होतं.